गिअरबॉक्स गेला म्हणण्याआधी: ऑटोमॅटिक गाडीचं दुखणं ओळखायचं कसं?

२२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला, आणि गाडी घ्यायची की नाही अशी वर्षभर रेंगाळलेली चर्चा बऱ्याच घरांत मिटली. नवी घेणाऱ्यांपैकी पुष्कळजण आता क्लच नकोच म्हणतात. कुणाच्या वडिलांचे गुडघे दुखतात, कुणाला रोज भुसावळ-जळगाव करायचं असतं, कुणी नुकतीच गाडी शिकलेली असते. दुसरीकडे पाच-सात वर्षं वापरलेल्या ऑटोमॅटिक गाड्या जुन्या बाजारात येताहेत आणि चोपडा, शिरपूर, शहाद्याकडे तिसऱ्या मालकाच्या दारात उभ्या राहताहेत. त्यांची दुखणी आता कुठे बाहेर पडायला लागली आहेत.

दुखणं निघालं की ऐकू येणारं वाक्य ठरलेलं असतं: "भाऊ, गिअरबॉक्स गया." मग आकडा येतो, आणि तो ऐकून माणूस गाडी विकायच्या गोष्टी करू लागतो. या निदानात अडचण एकच असते. ते बहुतेक वेळा तपासणीच्या आधी झालेलं असतं. गिअरबॉक्स खरोखर जातो, नाही असं नाही. पण 'गेला' हे तपासणीच्या शेवटी यायला हवं. त्याच्या आधी करायच्या गोष्टी स्वस्त आहेत आणि काही तर अंगणात उभं राहून होतात.

## तुमची ऑटोमॅटिक नेमकी कोणती?

क्लचचं पेडल नाही म्हणून सगळ्या ऑटोमॅटिक एकसारख्या नसतात. आपल्याकडे चार जाती मिळतात. एकीचं लक्षण दुसरीत रोग असतं आणि तिसरीत अगदी नैसर्गिक असतं.

पहिली एएमटी. २०१४ साली मारुतीने सेलेरिओत आणली आणि छोट्या गाड्यांत ती झपाट्याने पसरली. आत साधा मॅन्युअल गिअरबॉक्स आणि साधा क्लचच असतो. फक्त क्लच दाबायचं आणि गिअर टाकायचं काम तुमच्या पायाऐवजी एक यंत्रणा करते. तिला ॲक्च्युएटर म्हणतात. लिव्हरवर आर (मागे), एन (न्यूट्रल), डी (पुढे) आहे पण पी (पार्क) नाही, तर ती बहुधा एएमटी.

दुसरी टॉर्क कन्व्हर्टरवाली, म्हणजे जुनी, खरी ऑटोमॅटिक. इंजिन आणि गिअर यांच्यात तेलाने भरलेलं एक बंद भांडं असतं. इंजिनाकडची पाती तेल जोरात फेकतात आणि त्या झोताने समोरची, गिअरबॉक्सकडची पाती फिरतात. ते भांडं म्हणजे टॉर्क कन्व्हर्टर. मोठ्या एसयूव्ही आणि सात सीटच्या गाड्यांत ही जात जास्त दिसते.

तिसरी सीव्हीटी. हिच्यात ठरलेले गिअरच नसतात. दोन पुली आणि त्यांच्यातून जाणारा पोलादी पट्टा किंवा साखळी असते. पुली रुंद-अरुंद होतात आणि वेग बदलतो.

चौथी डीसीटी. दोन क्लच असतात. एक विषम गिअर सांभाळतो, दुसरा सम. काहींचे क्लच तेलात बुडालेले असतात, काहींचे कोरडे.

इलेक्ट्रिक गाडी या यादीत नाही. बहुतेक इलेक्ट्रिक गाड्यांना बदलायला गिअरच नसतात, एकाच गुणोत्तराची गिअरची जोडणी असते.

आपली जात कोणती हे मालकाच्या पुस्तिकेत लिहिलेलं असतं. गॅरेजमध्ये पाय ठेवण्याआधी ते पान वाचावं, कारण पुढचं सगळं त्यावर ठरतं. एएमटी गिअर बदलताना मान किंचित पुढे झुकते. तो दोष नाही, तिची ती चालच आहे. सीव्हीटीत जोरात रेस दिली की इंजिनाचा आवाज आधी चढतो आणि गाडी मागून वेग घेते. तेही ठीक. पण टॉर्क कन्व्हर्टरवाल्या गाडीत पक्क्या गिअरमध्ये आवाज चढला आणि गाडी ओढेनाशी झाली, तर ते घसरणं आहे आणि त्याची दखल घ्यायला हवी.

## ठिबकच्या वावरात उभं राहून बघा

टॉर्क कन्व्हर्टरवाल्या गिअरबॉक्सचं आतलं काम समजायला इंजिनिअर असावं लागत नाही. रावेर-यावलच्या केळीच्या वावरात ठिबक चालवलेला माणूस ते लवकर समजतो. बोअरमधली मोटर पाणी उचलते, ते फिल्टरमधून गाळून निघतं, मेन लाइनमध्ये दाब तयार होतो, आणि जो व्हॉल्व्ह उघडाल त्या प्लॉटच्या नळ्यांना पाणी जातं. गिअरबॉक्समध्ये मोटरीच्या जागी इंजिनावर फिरणारा तेलाचा पंप असतो आणि पाण्याच्या जागी एटीएफ, म्हणजे ऑटोमॅटिक ट्रान्समिशन फ्लुइड. यापुढे त्याला नुसतं तेल म्हणू. व्हॉल्व्हच्या जागी विजेवर उघडझाप करणारे सोलेनॉइड असतात. ते ज्या ॲल्युमिनियमच्या नक्षीदार ठोकळ्यावर बसतात तो व्हॉल्व्ह बॉडी. आणि प्लॉटच्या जागी क्लचच्या चकत्यांचे गठ्ठे. ज्या गठ्ठ्याला दाब मिळतो तो आवळतो, आणि त्याप्रमाणे पहिला, दुसरा, तिसरा गिअर लागतो. कोणता व्हॉल्व्ह केव्हा उघडायचा हे ठरवणारा छोटा संगणक म्हणजे टीसीयू.

आता समजा एका प्लॉटची केळी सुकायला लागली. कुणी लगेच क्रेन बोलावून बोअरमधली मोटर उपसत नाही. आधी फिल्टरच्या अलीकडचा आणि पलीकडचा दाब घड्याळावर, म्हणजे प्रेशर गेजवर, बघतो. फरक जास्त असेल तर फिल्टर धुतो. मग व्हॉल्व्ह, मग नळ्या. सगळेच प्लॉट सुकत असतील तर संशय मोटर किंवा फिल्टरवर. एकच प्लॉट सुकत असेल तर मोटर ठीक, भानगड त्या फाट्यावर.

गिअरबॉक्सचं निदान असंच चालतं. सगळे गिअर घसरत असतील तर तेल कमी आहे, फिल्टर तुंबलाय, किंवा पंप कमजोर आहे. फक्त तिसऱ्यावरून चौथ्यावर जाताना हिसका बसत असेल तर पंपाला दोष देऊ नका. त्या टप्प्यावर काम करणारा सोलेनॉइड किंवा क्लचचा गठ्ठा बघायचा. डीसीटीत तर हे फारच स्वच्छ दिसतं. दुसरा, चौथा, सहावा लागतात पण पहिला-तिसरा-पाचवा लागत नाही, तर अर्धा गिअरबॉक्स ठीक आहे हे गाडीने स्वतःच सांगितलं. तपास विषम गिअरच्या क्लचकडे आणि त्याला चालवणाऱ्या भागाकडे वळतो.

म्हणून "गिअर नीट पडत नाहीत" असं मोघम सांगू नका. कोणता गिअर, किती वेग, इंजिन थंड की गरम, रेस हलकी की पूर्ण, चढ की सपाट, हे वहीत लिहून ठेवा. शेजारी बसलेल्याला मोबाईलवर आरपीएमच्या, म्हणजे इंजिनाचे मिनिटाला किती फेरे ते दाखवणाऱ्या, काट्याचा व्हिडिओ काढायला सांगितला तर आणखी उत्तम. दुखणं गॅरेजच्या दारात गायब होतं हा सगळ्यांचाच अनुभव आहे.

## गाडी काय काय सांगत असते

पी किंवा एन मधून डी टाकल्यावर गाडी साधारण सेकंदाभरात ओढ घेते. दोन-तीन सेकंद लागत असतील, तेही सकाळी थंड असताना, तर तेलाची पातळी पहिल्यांदा बघायची. रात्रभर उभ्या गाडीत तेल खाली उतरतं आणि पंपाला पुरेसा दाब करायला वेळ लागतो.

घसरणं म्हणजे आरपीएम चढतो पण वेग वाढत नाही. कन्नडच्या घाटात चढावर हे सगळ्यात आधी जाणवतं. घसरत्या गाडीला आणखी रेस देणं म्हणजे क्लचच्या चकत्या जाणूनबुजून जाळणं. बाजूला घ्या.

हिसका किंवा धाडकन गिअर पडणं याची कारणं बरीच आहेत, आणि त्यातली काही गिअरबॉक्सच्या बाहेरची असतात. त्याबद्दल पुढे.

गाडी एकाच गिअरमध्ये अडकून बसली, चाळीस-पन्नासच्या वर जाईना आणि दिवा लागला, तर ती बहुधा बचावाच्या अवस्थेत गेली आहे. टीसीयूला काहीतरी पटलेलं नाही, म्हणून त्याने एक सुरक्षित गिअर धरून ठेवलाय, म्हणजे तुम्ही हळूहळू घरी पोहोचाल. आत काही तुटलंय असा त्याचा अर्थ होत नाही. एखाद्या सेन्सरची तार उंदराने कुरतडली तरी हेच होतं, आणि शेताला लागून गाडी लावणाऱ्यांच्या गाडीत ते नवल नाही.

सगळ्यात फसवं लक्षण थरथर. साठ-सत्तरच्या वेगाने पारोळ्याकडे निघालात, रेस हलकी आहे, आणि क्षणभर गाडी रस्त्यावरच्या रंबलर पट्ट्यांवरून गेल्यासारखी थरथरते. रस्ता मात्र गुळगुळीत. याचं एक कारण टॉर्क कन्व्हर्टरमधला लॉक-अप क्लच. तेलाच्या झोताने शक्ती पाठवताना थोडी वाया जाते, म्हणून सरळ रस्त्यावर हा क्लच लागतो आणि दोन्ही बाजू घट्ट जोडतो. तेल जुनं झालं, त्यातले घर्षण सांभाळणारे घटक संपले, की हा क्लच धरतो-सोडतो, धरतो-सोडतो, आणि थरथर होते. अशा गाडीला योग्य तेल भरल्यावर थरथर जाणं ही गोष्ट अनेकदा घडते. मात्र क्लच घासून संपला असेल तर तेलाने तो परत येणार नाही.

पण थरथर इंजिनामुळेही होते. एखादा स्पार्क प्लग किंवा कॉइल अधूनमधून दगा देत असेल तर अगदी तसंच वाटतं. दोन्ही वेगळं काढायची एक साधी युक्ती आहे. मागे कुणी नाही अशा मोकळ्या रस्त्यावर, थरथर चालू असताना रेस तशीच ठेवून डाव्या पायाने ब्रेकला किंचित, दिवा लागेल इतकाच स्पर्श करायचा. ब्रेकचा इशारा मिळताच बहुतेक गाड्यांत लॉक-अप सुटतो. थरथर त्याच क्षणी थांबली तर संशय लॉक-अपवर. चालूच राहिली तर प्लग, कॉइल, इंजेक्टर बघा. आणि रेस सोडली-दिली तरी फरक पडत नाही, फक्त ठरावीक वेगाला स्टिअरिंग हलतं, तर टायर बॅलन्सिंग करून घ्या आणि हा लेख विसरा. डाव्या पायाची सवय नसेल तर ही चाचणी मेकॅनिककडे सोपवा. ब्रेक जास्त दाबला गेला तर अपघात होतो.

## जी दुखणी गिअरबॉक्सची नसतातच

सगळ्यात वरचा संशयित बॅटरी. विनोद नाही. एएमटीचा ॲक्च्युएटर, सगळे सोलेनॉइड आणि टीसीयू विजेवर जगतात. तापलेल्या उन्हाळ्यात बॅटरी लवकर म्हातारी होते, आणि ती खाली आली की गिअर मध्येच एन मध्ये जाणं, दिवा लागणं, सकाळी गिअर न पडणं सुरू होतं. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीवर मल्टिमीटर लावा. १२.६ व्होल्टच्या आसपास म्हणजे भरलेली. १२.२ म्हणजे निम्मी. त्याखाली असेल तर आधी बॅटरीचा निकाल लावा, मग गिअरबॉक्सचं बोला. बॅटरीचे टोक आणि अर्थिंगची तार घट्ट आहे का हेही बघा.

दुसरा संशयित ब्रेक पेडलचा स्विच. तुम्ही ब्रेक दाबलाय हे गाडीला कळल्याशिवाय ती पी मधून सुटत नाही, एएमटीत तर कित्येकदा सुरूच होत नाही. कुणालातरी मागे उभं करा आणि ब्रेक दाबा. मागचे दिवे लागत नसतील तर फ्यूज किंवा हा छोटा स्विच बघायचा.

तिसरा इंजिन आणि गिअरबॉक्सचे माउंट, म्हणजे त्यांना धरून ठेवणारे रबराचे पाये. रबर फाटलं की डी-आर करताना आतून धाडकन आवाज येतो. ऐकणाऱ्याला वाटतं गिअर तुटला.

आणि एएमटीबद्दल खास. तिचा क्लच मॅन्युअल गाडीसारखाच झिजतो. उड्डाणपुलाच्या चढावर ब्रेकऐवजी रेसवर गाडी धरून ठेवायची सवय असेल तर तो लवकरच संपेल. क्लच बदलणं म्हणजे गिअरबॉक्स बदलणं नव्हे. बिलात दोन्हींची गल्लत झालेली चालू देऊ नका.

## तेल बघायचं, पण केव्हा?

जुन्या गाड्यांत तेलाची पट्टी असायची. आता बऱ्याच गाड्यांत ती नसते. गाडी लिफ्टवर सपाट उचलायची, इंजिन चालू ठेवायचं, आणि बाजूचा एक नट उघडून तेल नुसतं थेंबथेंब ओघळतंय का ते बघायचं, अशी पद्धत असते. यात एक अट असते, आणि खानदेशात तीच मोडली जाते. ही मोजणी तेल ठरावीक तापमानाला असतानाच करायची. गाडीगणिक आकडा वेगळा, पण पुष्कळ गिअरबॉक्सना तो ३५ ते ४५ अंशांच्या आसपास असतो. तेल तापलं की फुगतं, म्हणून गरम तेलात पातळी खोटी, जास्त दिसते.

आता मे महिन्यातलं भुसावळ डोळ्यासमोर आणा. पारा ४५ च्या वर, गाडी तीन तास उन्हात, आणि ती चालवत गॅरेजला आणलेली. तेल त्या ३५-४५ अंशांच्या कधीच पलीकडे गेलेलं असतं. अशा वेळी नट उघडला की तेल भळाभळा बाहेर येतं, मेकॅनिक म्हणतो जास्त होतं, आणि काढून टाकतो. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी डी घ्यायला वेळ लावते. उन्हाळ्यात हे काम पहाटे, रात्रभर सावलीत उभ्या गाडीवर, स्कॅनरवर (गाडीच्या संगणकातली माहिती वाचणाऱ्या यंत्रावर) तेलाचं तापमान बघत करून घ्यावं.

तेलाचा रंग आणि वासही बोलतो. बरीचशी नवी तेलं लाल असतात, काही सीव्हीटींची हिरवी किंवा पिवळसर. काळपट तपकिरी म्हणजे जुनं. जळका वास म्हणजे क्लचच्या चकत्या तापून गेल्या. दुधाळ गुलाबी दिसलं तर आत पाणी शिरलंय आणि आता गाडी सुरूसुद्धा करू नका. पाणी दोन वाटांनी येतं. पावसाळ्यात रेल्वेपुलाखाली तुंबलेल्या पाण्यातून गाडी घालणं ही एक. दुसरी वाट कमी लोकांना ठाऊक असते. काही गाड्यांत गिअरबॉक्सचं तेल थंड करणारा कूलर रेडिएटरच्या टाकीतच बसवलेला असतो. कूलंटऐवजी वर्षानुवर्षं बोअरचं क्षारयुक्त पाणी ओतलं की आतला धातू खातो, आणि एक दिवस दोन्ही द्रव एकमेकांत मिसळतात. वाचवलेल्या कूलंटची किंमत गिअरबॉक्सच्या बिलात वसूल होते.

गाडीखाली ठिपका दिसला तर कागद घाला. एसीचं पाणी स्वच्छ असतं, त्याची काळजी नको. इंजिनाचं जुनं तेल काळं. लालसर-तपकिरी, तेलकट डाग असेल तर लगेच दाखवा. गिअरबॉक्समध्ये लिटरभर तेल कमी होणं ही किरकोळ गोष्ट नाही.

## "स्कॅनर लावला की कळतं ना?"

अर्धं कळतं. पहिली गोष्ट, स्वस्तातलं ब्लूटूथ यंत्र बऱ्याचदा फक्त इंजिनाचे कोड, म्हणजे बिघाड नोंदवणारे क्रमांक, वाचतं. पी ०७०० असा कोड आला तर त्याचा अर्थ एवढाच की टीसीयूकडे तक्रार नोंदली गेली आहे, तिथे जाऊन विचारा. टीसीयूपर्यंत पोहोचणारा स्कॅनर लागतो.

दुसरी गोष्ट महत्त्वाची. कोड तक्रार सांगतो, गुन्हेगार सांगत नाही. पी ०७४१ म्हणजे लॉक-अप क्लच अपेक्षेप्रमाणे धरत नाही. तो का धरत नाही? तेल खराब असेल, सोलेनॉइड अडकला असेल, व्हॉल्व्ह बॉडी झिजली असेल, किंवा खरोखर कन्व्हर्टर गेला असेल. चारही उत्तरांच्या किमतीत जमीन-अस्मानाचा फरक आहे. कोड वाचून थेट कन्व्हर्टर मागवणारा मेकॅनिक अंदाज बांधतोय आणि अंदाजाचे पैसे तुमचे आहेत.

खरी मजा चालत्या गाडीच्या आकड्यांत आहे. गिअरबॉक्सच्या आत शिरणारा आणि बाहेर पडणारा वेग, दोन्ही सेन्सर सांगतात. समजा तिसऱ्या गिअरचं गुणोत्तर १.५ आहे आणि आतला वेग ३००० फेरे. बाहेर २००० यायला हवेत. १८०० येत असतील तर हिशेबाने आत २७०० च लागत होते, म्हणजे ३०० फेरे कुठेतरी घसरताहेत. लॉक-अप लागल्यावर इंजिनाचा आणि कन्व्हर्टरच्या पलीकडचा वेग जवळजवळ सारखा हवा. १८०० आणि १७९० ठीक. १८०० आणि १६५०, तेही वरखाली होत, म्हणजे क्लच धरत नाही. हे आकडे रस्त्यावर वीस मिनिटं गाडी चालवून मिळतात, एक नटही न खोलता. म्हणून मेकॅनिकला विचारा: "दादा, कोड कोणता आला? तो आला तेव्हा तेल किती तापलं होतं? घसरण कोणत्या गिअरला दिसली?" उत्तर देताना जो वैतागेल त्याच्याकडे गाडी उघडायला देऊ नका.

कोड पुसून "बघू परत येतो का" हेही चालतं, पण आधी लिहून घ्या किंवा फोटो काढा. पुसलेला पुरावा परत मिळत नाही.

जुने लोक एक स्टॉल टेस्ट सांगतात: ब्रेक गच्च दाबून पूर्ण रेस द्यायची आणि आरपीएम कुठे थांबतो ते बघायचं. चाचणी खरी आहे. पण त्या काही सेकंदांत इंजिनाची सगळी ताकद तेल तापवण्यात जाते, आणि ब्रेक सुटला तर समोरचा माणूस जातो. अंगणात हे करू नका.

## "कंपनी म्हणते तेल आयुष्यभर चालतं"

कुणाचं आयुष्य, हा प्रश्न आहे. गाडीचं की वॉरंटीचं? तेलाचं वय मुख्यतः तापमान ठरवतं. ढोबळ नियम असा की चालू तापमान साधारण १० अंशांनी वाढलं की तेलाचं आयुष्य निम्म्यावर येतं. पुस्तिकेत बहुतेकदा 'कठीण वापर' असा वेगळा तक्ता असतो: कडक ऊन, घाट, धूळ, भरलेली गाडी, सतत थांबत-चालत. लग्नसराईत सात माणसं आणि बॅगा घेऊन तोरणमाळ चढणारी गाडी कठीण वापरात बसत नसेल तर कोणती बसेल? त्या तक्त्याप्रमाणे तेल बदला. आणि पुस्तिकेत लिहिलंय तेच तेल भरा. सीव्हीटीत साधं एटीएफ ओतलं तर पट्टा आणि पुली यांचं घर्षण बिघडतं, आणि पुढचं नुकसान परत फिरवता येत नाही.

## "तेल बदललं की जुना गिअरबॉक्स बसतो"

ही समजूत निराधार नाही, फक्त तिचा अर्थ उलटा लावला जातो. पुष्कळ लोक तेल बदलायला जातात तेव्हा गाडी आधीच घसरत असते. चकत्या संपलेल्या असतात. तेल बदललं, आठवड्यात गाडी बसली, आणि बोल तेलाला लागला. ज्या गाडीत अजून लक्षणच नाही तिथे तेल बदलायला घाबरायचं कारण नाही. जास्त चाललेल्या, कधीच तेल न बदललेल्या गाडीत यंत्राने दाब देऊन फ्लश करणं मात्र मी टाळेन, कारण साचलेला गाळ सुटून व्हॉल्व्हच्या बारीक वाटांत अडकू शकतो. त्यापेक्षा तेल काढून नवं भरणं, आणि काही अंतर चालवून पुन्हा तेच, हे सौम्य. एका खेपेला सगळं तेल निघतही नाही. बरंचसं कन्व्हर्टरमध्ये राहतं.

तेल किंवा बॅटरी बदलल्यावर काही दिवस गिअर थोडे वेगळे पडू शकतात. कोणत्या क्लचला किती वेळ तेल द्यायचं हे टीसीयू शिकत असतो. ते शिकणं स्कॅनरवरून नव्याने करवून घेता येतं, आणि पुष्कळ कंपन्यांची ती नेमून दिलेली पायरीच असते. ती झाली का, विचारा.

## "आपल्या उन्हात ऑटोमॅटिक टिकत नाही"

टिकते, पण गरम होण्याची कारणं समजून घ्यावी लागतात. कोरड्या क्लचची डीसीटी ट्रकांच्या रांगेत, कोंडाईबारीच्या चढावर इंचाइंचाने सरकते तेव्हा क्लच सतत अर्धवट धरून असतो आणि तापतो. गरम झाल्याची सूचना आली तर बाजूला घेऊन पी मध्ये उभी करा. दहा-पंधरा मिनिटांनी सूचना गेली आणि गाडी पूर्ववत झाली तर ती खराब झालेली नाही. रांगेत सरकताना फूटभर सरकू नका, पुढे गाडीभर जागा झाली की जा. मधल्या वेळात ब्रेकवर पाय.

रेडिएटरसमोरच्या जाळीत कापसाचे तंतू, धूळ, किडे अडकून गठ्ठा होतो, आणि कूलरला वारा लागत नाही. हे कुणी निदानात धरत नाही. पाण्याच्या हलक्या धारेने धुवा.

उतारावर एन टाकून गाडी सोडायची सवय इथे फार आहे. आजच्या इंजिनात गिअरमध्ये रेस सोडली की इंधन तसंही बंद होतं, त्यामुळे बचत काहीच नाही, आणि ब्रेक तापतात.

## बंद पडली तर ट्रॅक्टरला बांधू नका

टॉर्क कन्व्हर्टरवाल्या गाडीत पंप इंजिनावर फिरतो. इंजिन बंद आणि ओढणारी चाकं जमिनीवर फिरताहेत, म्हणजे आतले भाग तेलाविना घासताहेत. नवापूरहून साक्रीपर्यंत दोरीने ओढून आणलेला गिअरबॉक्स, जो आधी फक्त एका सेन्सरने थांबला होता, तो पोहोचेपर्यंत खरंच गेलेला असू शकतो. चारही चाकं वर घेणारी फ्लॅटबेड गाडी मागवा. धक्का मारून ही गाडी सुरूही होत नाही.

## आणि खरंच गेला असेल तर?

शेवटची साक्ष तेलाच्या खालच्या ट्रेमध्ये असते. आत चुंबक असतो. त्यावर राखाडी, बोटाला मऊ लागणारी पेस्ट असेल तर ती नेहमीची झीज आहे. चमकणारे तुकडे, पितळी कण किंवा काळ्या चकत्यांची पापुद्रे असतील तर आता उघडायलाच हवं. ट्रे उघडताना समोर उभे राहा. जमत नसेल तर फोटो मागा.

मग तीन वाटा: आतले झिजलेले भाग बदलून पुन्हा जोडणं, दुसऱ्या गाडीचा वापरलेला गिअरबॉक्स आणणं, किंवा नवा घेणं. वापरलेला स्वस्त पडतो, पण त्याचा इतिहास कुणी सांगत नाही आणि टीसीयूच्या प्रोग्रॅमशी तो जुळायला हवा. पुन्हा जोडणं ज्याने तोच मॉडेल आधी उघडलाय त्याच्याकडेच करावं, मग त्यासाठी नाशिक किंवा सुरतेला पाठवावा लागला तरी. बदललेले जुने भाग हातात घ्या आणि वॉरंटी कागदावर घ्या.

कोणतीही वाट धरली तरी बिलात एक ओळ शोधा: तेलाचा कूलर आणि त्याच्या नळ्या धुतल्या की बदलल्या? जुन्या गिअरबॉक्सचा धातूचा कीस तिथेच बसलेला असतो. ते काम राहिलं तर नवं तेल पहिल्याच फेरीत तो कीस उचलून नव्या व्हॉल्व्ह बॉडीत नेऊन टाकतं.